वाचायचा चष्मा

माझ्या आईला द्राक्षाच्या घडातले मणी दिसेनासे झाले, तेव्हा आमच्या घरातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून ठरवलं की तिचा हात गेला. हात. डोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. त्या शहाण्यांत मीही होते, आणि मी शाळेत शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जिथे जिथे भडकलेली दिसेन तिथे थोडा राग माझ्या वाट्याचाही आहे असं समजावं.

आई राजुरीला राहते. मी लग्न होऊन अवसरी बुद्रुकला आले त्याला वीस वर्षं झाली. मंचरजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. आई शाळेत गेली नाही. ती अंगठा उठवत नाही, सही करते, पण तिच्या लेखी सही म्हणजे हात न उचलता काढायची एक रांगोळी आहे. बाकी अक्षरांशी तिचं वैर नाही आणि ओळखही नाही.

तिची विद्या वेगळी. दिवाळीनंतर आमच्याकडच्या द्राक्षबागांत मण्यांची विरळणी सुरू होते. सगळे तिला थिनिंग म्हणतात. ज्वारीच्या दाण्याएवढे मणी घडात दाटीवाटीनं लागलेले असतात. बारीक टोकाची कात्री आत घालून नको ते मणी देठापासून उडवायचे आणि राहिलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची. जो मणी ठेवायचा त्याला कात्रीचं टोक लागता कामा नये. लागलं की डाग पडतो, पुढे तो मणी सडतो आणि शेजारच्यांनाही सडवतो. आई हे काम वीस-बावीस वर्षं करत आली होती. टोळीची मुकादम बाई आता पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसते, पण कात्री धरायला तिला आईनंच शिकवलं.

एका हिवाळ्यात आईच्या ओळीतल्या घडांत डागी मणी निघायला लागले. बागायतदार आधी मुकादम बाईला बोलला. मग मुकादम बाईनं आईच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिला खाली पडलेले मणी गोळा करायला लावलं. आईनं घरी एक अक्षर सांगितलं नाही. मला कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात, भावकीतल्या लग्नात. मुकादम बाई जेवणाच्या पंगतीतून उठून माझ्याजवळ आली.

"ताई, यंदा मावशींना थिनिंगला नका पाठवू," ती म्हणाली. "मी आपलं गाडीत जागा न्हाई म्हनून सांगीन. पन तुमी समजून घ्या. हात गेला वो त्यांचा. लई वाईट वाटतं, पन काय करनार."

मी समजून घेतलं. हीच तर माझी चूक. मी आईला म्हणाले, "वय झालं आता, बस की घरी." भाऊ म्हणाला, "किती दिवस राबणार." आम्हाला वाटत होतं की आपण किती मायेनं बोलतोय. आई म्हणाली, "घरी बसून काय भिंती मोजू?" आणि उठून गोठ्याकडे गेली.

तिनं त्या दिवशी आम्हाला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कारण सगळं आमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. ती सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारायची. तांदूळ अंगणात, भर उन्हात घेऊन निवडायची, आणि ढगाळ दिवस असला की भातात खडा लागायचा. फोन आला की हात लांब करून, मान मागे नेऊन त्याच्याकडे बघायची. आम्ही त्यावर हसायचो. "आई, फोन चावत नाही," असं मीच म्हणायचे. मला स्वतःला पाचवीपासून चष्मा आहे, उणे साडेतीन. लांबचं दिसत नाही म्हणजे काय हे मला बरोबर माहीत होतं. फळा दिसत नव्हता म्हणून मला मठ्ठ ठरवलं होतं, ते मी अजून विसरलेले नाही. पण जवळचं दिसत नाही म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. आपलं दुखणं तेवढं माणसाला कळतं.

आणि त्यात तो शब्द. आमच्याकडे जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात. पुरुषाला चाळिशी लागली की तो पेपर वाचणारा जाणता माणूस होतो, पारावर त्याला जागा करून देतात. बाईला लागली की ती म्हातारी. त्यामुळे बाया चाळिशी लपवतात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तर ती लागते हेच कुणाला ठाऊक नसतं. आमच्या घरात एकच चाळिशी होती, दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ती खुंटीला टांगलेली असायची आणि पेपर आला की खाली उतरायची. आईनं एकदा ती गुपचूप लावून पाहिली होती. दादांना सिलिंडरचा नंबर होता, म्हणजे त्यांच्या बुबुळाचा गोलावा सगळीकडून सारखा नव्हता आणि भिंग त्या वाकडेपणाच्या मापानं घासलेलं होतं. दुसऱ्यानं ते लावलं की जमीन कलल्यासारखी वाटते. आईला गरगरलं. तिनं चष्मा खुंटीला परत अडकवला आणि ठरवून टाकलं की आपल्याला चष्मा सोसत नाही. दादा गेले, तरी ती चाळिशी अजून तिथेच आहे.

श्रावणात राजुरीच्या शाळेत पुण्याच्या लोकांचं डोळे तपासणीचं शिबिर लागलं. माझी शाळा चालू होती, म्हणून आई एकटीच गेली. दूरचा तक्ता तिला व्यवस्थित दिसला. आकडे तिला ओळखता येतात, एसटीच्या पाट्यांनी तेवढं शिकवलंय. मग जवळचं तपासणाऱ्या टेबलावर एक तरुण तंत्रज्ञ बसला होता. पुढचं संभाषण आईनं मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, तेही खुशीत.

"आजी, वाचता येतं का?"

"न्हाई बाबा."

"मग वाचायचा चष्मा कशाला पाहिजे? लांबचं छान दिसतंय तुम्हाला. जा, काही काळजी नाही."

"नजर चांगली हाय म्हनले," आई मला म्हणाली. "म्हंजी मुकादमीन म्हनती तेच खरं. हातच गेला."

मी फोन कानाला लावून शिक्षक खोलीत उभी होते आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. वाचायचा चष्मा. त्या भिंगावर काय वर्तमानपत्र छापलेलं असतं? तांदळातला खडा काय अक्षर ओळखणाऱ्यालाच दिसायला हवा? पोराच्या तळव्यातला काटा, गोळ्यांच्या पाकिटावरचा रंग, बांगडीची चीर, मेथीतली अळी, हे सगळं हाताच्या अंतरावर असतं आणि ते बघायचं काम घरोघरी बायाच करतात. ज्यानं दिवसभरात काही वाचलं तर फोन वाचला, त्याला चष्मा. आणि जिच्या डोळ्यांवर अख्खी बाग चालते तिला, जा आजी, काळजी नाही. साठीच्या बाईला आजी म्हणायची घाई तेवढी सगळ्यांना. तिला काम काय करता असं विचारायला त्याचं काय जात होतं, मला अजून कळत नाही.

मी म्हणाले, "चल, जुन्नरला दुकानात जाऊन नंबर काढू."

आई म्हणाली, "पुन्याच्या लोकांनी नको सांगितलंय. दुकानवाला हो म्हननारच. त्याला इकायचाय."

मी हट्ट धरला नाही. शाळेत घटक चाचणीचे पेपर होते, घरी पाहुणे होते, आणि कारणं कधी कमी पडत नाहीत. रागाच्या भरात मी एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी विचारलं तर येतं म्हणून सांग."

हे वाक्य मी फेकलं, आईनं ते उचलून पदराला बांधलं.

गौरी-गणपतीनंतर ती आठ दिवस माझ्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "मला वाचाय शिकव. दिवाळीच्या आधी परत शिबिर हाय. थिनिंगच्या आत चष्मा पायजे."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना बाराखडी शिकवली, आणि आज माझी आई पाटी मागतेय. या हळवेपणात मी जरा थांबून विचार करायला हवा होता की ती वाचायला कशासाठी मागतेय. पण हळवं झालेलं माणूस विचार करत नाही. मी माझा चष्मा करते त्या दुकानातून जवळच्या तपासणीचं कार्ड मागून आणलं. दुकानदार म्हणाला, सगळीकडे हेच कार्ड असतं. वर मोठ्या टायपात "फळ गोड आहे", त्याखाली जरा लहान "झेंडा उंच फडकतो", आणि असं उतरत उतरत सगळ्यात खाली अगदी बारीक एक ओळ, "बाग राखणारा माळी रोज पहाटे फुलांना पाणी घालतो". छपाई इतकी फिकट की कार्ड दिव्याकडे कलतं धरावं लागायचं. हल्ली सगळंच फिकट छापतात. माझ्या वर्गातल्या मुलींची अक्षरंही अलीकडे इतकी बारीक झालीत की मी त्यांना दर आठवड्याला रागावते.

वरच्या दोन ओळी आई खरोखर शिकली. फळातला फ, झेंड्यातला झ, गोडातला ग, तिनं बोटानं ओट्यावरच्या पिठात काढून घोटले. खालच्या ओळी मी वाचायची आणि ती मागून म्हणायची. चौथ्या दिवशी ती माझ्या बोटाच्या पुढे धावायला लागली. माझं बोट "माळी"वर असायचं आणि ती "पाणी घालतो" म्हणून मोकळी. पहिलीच्या वर्गात असं झालं की कोणतीही शिक्षिका पोराला थांबवते आणि मधल्याच शब्दावर बोट ठेवून विचारते, हे काय. मी विचारलं नाही. मी जावेला हाक मारली आणि म्हणाले, "बघ, आई कसं घडाघडा वाचतेय."

दसऱ्यानंतरच्या शिबिराला मी रजा टाकून गेले. तोच तरुण होता. बायांची रांग होती आणि सोबतच्या माणसांना व्हरांड्यात थांबवलं होतं. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. आत गेली आणि दहा मिनिटांनी हातात कागद घेऊन बाहेर आली. चेहऱ्यावर असं तेज की मला वाटलं, मिळाला.

"समदं म्हनले," ती म्हणाली. "येक अक्षर चुकले न्हाई."

कागदावर लिहिलं होतं, जवळची नजर उत्तम, चष्म्याची गरज नाही.

मी तशीच आत गेले. रांगेतल्या बाया बघत राहिल्या. तो तरुण वाईट नव्हता, हे सांगायला हवं. उठून उभा राहिला.

"मॅडम, त्यांनी शेवटची ओळ वाचली, बिनचष्म्याची," तो म्हणाला. "या वयात अशी नजर मी पाहिली नाही."

"तिला ते पाठ आहे. तिला काही दिसत नाही."

"मग त्यांना वाचता येतं की नाही येत?"

येत नाही म्हणावं तर चष्मा कशाला, आणि येतं म्हणावं तर चष्म्याची गरज नाही. दोन्ही दारं बंद, आणि दुसऱ्या दाराला कडी मी स्वतः लावलेली. मी त्याला तिथे बरंच बोलले. अक्षर न ओळखणाऱ्यांना तपासायची दुसरी काही रीत तुमच्याकडे नाही का, असं विचारलं. तो म्हणाला, लांबच्या नजरेसाठी वेगळा तक्ता आहे, पण जवळच्यासाठी हे कार्डच दिलंय, आणि मॅडम, अजून दीडशे लोक आहेत. मागून एक म्हातारा म्हणाला, "ओ बाई, आमाला बी डोळे हायेत." मी बाहेर आले.

आईला मी एसटीनं माझ्याकडे घेऊन निघाले. घोडनदीचा पूल गेल्यावर ती म्हणाली, "तूच म्हनलीस येतं म्हनून सांग. मी पास झाले तर तुला राग का आला?"

तेव्हा मला कळलं की ती काय समजून बसली होती. आयुष्यभर तिनं पाहिलं की परीक्षेत पास होईल त्याला काहीतरी मिळतं. पोरांना नोकरी, सुनेला सर्टिफिकेट, बैलाला गुलाल. या एका परीक्षेत नापास होणाऱ्यालाच मिळतं, हे तिला कोण सांगणार होतं? मी सांगायला हवं होतं. मी तर तिच्याकडून तयारी करून घेतली होती. एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत मी त्या तरुणाला, शिबिरवाल्यांना, ज्यानं कुणी "वाचायचा चष्मा" हा शब्द काढला त्याला मनात शिव्या देत होते, कारण स्वतःला देण्याएवढी माझी तयारी झाली नव्हती.

पुढच्या रविवारी मी तिला विचारलंच नाही, हाताला धरून जुन्नरला नेलं. जुन्या बाजारपेठेत एक चष्म्याचं दुकान आहे. दुकानदाराला सगळे चाचा म्हणतात; त्यांचे वडील आणि आजोबाही हेच करत. आई आत शिरताना कुजबुजली, "ह्येनी इचारलं तर येतं म्हनू का न्हाई म्हनू?"

चाचांनी ते विचारलंच नाही. ते म्हणाले, "मावशी, काम काय करता?"

आई थबकली. दोन शिबिरांत तिला हा प्रश्न कुणी केला नव्हता. तिनं पिशवीतून कात्री काढली. कात्री ती बरोबर घेऊन फिरत होती हे मलाही माहीत नव्हतं. चाचांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "घड कसा धरता, दाखवा." आईनं डावा हात वर केला. त्यांनी टेपनं तिच्या नाकापासून मुठीपर्यंतचं अंतर मोजलं आणि लिहून घेतलं. लांबचं तपासायला त्यांनी भिंतीवरचा दुसरा तक्ता उजळला. त्यावर अक्षरं नव्हती, तीन दातांचा फणीसारखा एक आकार होता, कधी वर तोंड केलेला, कधी खाली. तोंड ज्या बाजूला त्या बाजूला बोट दाखवायचं. जवळचं तपासायला पांढऱ्या कागदावर त्यांनी मोहरी आणि राजगिरा एकत्र ओतला.

"राजगिरा बाजूला काढा."

आईनं काढला तो सगळा एकत्रच आला. चाचांनी तिच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली, त्यात एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. "आता?"

आई खाली बघत राहिली. मग तिच्या बोटांनी एकेक पांढरा दाणा उचलायला सुरुवात केली, भराभर, जशी मी तिला लहानपणी अंगणात बघायचे तशी. अर्ध्यात ती थांबली.

"म्हंजी हात चुकत नव्हता," ती म्हणाली.

चाचांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. मला त्या क्षणी मुकादम बाईचा, भावाचा, शिबिराचा आणि माझा इतका संताप आला की मी दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले.

मग चाचांनी आम्हाला समजावून सांगितलं. डोळ्यात एक भिंग असतं. तरुणपणी ते लवचीक असतं, जवळचं बघताना फुगतं. चाळिशीच्या आसपास ते ताठर व्हायला लागतं आणि साठीपर्यंत होतच राहतं. हे प्रत्येकाला होतं, शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला. भर उन्हात बाहुली बारीक होते, त्यामुळे थोडं निभतं, म्हणून आईला अंगणात तांदूळ निवडता यायचे आणि वेलींच्या मांडवाखाली, सावलीत, घड धूसर व्हायचा. आईला अधिक अडीचचा नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना सारखा.

"दोन मजल्यांचं भिंग बसवता येतं, वर लांबचं आणि खाली जवळचं," ते म्हणाले. "रेघ न दिसणारंही मिळतं. पण घड डोक्यावर असतो. वर बघताना भिंगाचा खालचा भाग उपयोगी पडत नाही. मावशींना साधा जवळचा द्या, गळ्यात दोरी बांधा, चालताना खाली सोडा." डोळ्याच्या आतलं तपासायची यंत्रं आपल्याकडे नाहीत, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, असंही त्यांनी बजावलं. आम्ही दाखवलं. मोतीबिंदूची सुरुवात आहे पण आज काही करायला नको, डोळ्यांचा दाब ठीक आहे, वर्षानं या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आईनं चाचांना विचारलं, "चष्मा लावला की नंबर वाढतो म्हनत्यात."

"नंबर वयानं वाढतो, मावशी. चष्म्यावर उगाच आळ येतो."

मी माझ्यासाठी म्हणून लेझरचं विचारलं, कारण शाळेतली एक तरुण शिक्षिका ते करून आली होती. चाचा म्हणाले, बुबुळाची जाडी वगैरे बघून डॉक्टर ठरवतात. त्यानं लांबचं सुधारतं, चाळिशी काही थांबत नाही. डोळ्यात घालायच्या लेन्सही आहेत, पण मातीत, फवाऱ्यात काम करणाऱ्यानं त्या सांभाळूनच वापराव्यात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा चष्मा कधी तपासला, ताई?"

"चार वर्षं झाली. चांगला आहे," मी म्हणाले. त्यांनी माझ्या चष्म्याकडे एकदा पाहिलं आणि आईची पावती लिहायला घेतली.

थिनिंग सुरू झालं त्या दिवशी आई दोरीचा चष्मा गळ्यात घालून पिकअपजवळ जाऊन उभी राहिली. मुकादम बाई म्हणाली, "मावशी, वाचाय शिकला व्हय?" गाडीतल्या बाया हसल्या. आईनं तिला फक्त एक वेल मागितला. मुकादम बाईनं बांधावरचा एक वेल दिला आणि तासाभरानं येऊन आईचे घड एकेक करून हातात फिरवले, वरून, खालून, आतून. एकाही मण्याला डाग नव्हता. तिनं शेवटचा घड सोडला आणि म्हणाली, "मधल्या ओळीत या." तिनं माफी मागितली नाही. मागायला हवी होती, असं मला वाटतं. आईला तसं वाटत नाही. ती म्हणते, "ती तरी काय करील, तिला बी कुनी सांगितलं न्हाई." पुढच्या दोन आठवड्यांत त्या टोळीतल्या चार बाया जुन्नरला जाऊन आल्या. हात गेलेल्या चार बाया.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सुट्टी होती म्हणून आई माझ्याकडे आली. मी ओसरीवर पेपर तपासत होते, हात लांब करून, कपाळाला आठ्या घालून. तिला कपाटात ते कार्ड सापडलं. चष्मा नाकावर घेऊन, बोट ठेवत ठेवत ती वाचायला बसली. आता ती हळू वाचत होती, म्हणजे खरंच वाचत होती. शेवटच्या ओळीवर तिचं बोट अडलं.

"ह्ये चुकलंय," ती म्हणाली.

"काय?"

"तू फुलांना पानी घालतो असं शिकवलं. हितं फ न्हाई. हितं झ हाय, वरच्या झेंड्यातला."

"फुलांनाच आहे, आई. मी शिकवलं ना तुला."

ती वाद घालत बसली नाही, कार्ड माझ्याकडे दिलं. मी ते लांब धरलं, उजेडाकडे कलतं केलं. एक करडी रेघ होती आणि त्या रेघेत मला फुलांना दिसत होतं. मग मी पाचवीपासून झोपताना आणि अंघोळीलाच काढते तो चष्मा काढला आणि कार्ड नाकाजवळ आणलं.

झाडांना.

म्हणजे मी ती ओळ कधी वाचलीच नव्हती. माळी आहे, बाग आहे, तर फुलंच असणार, असं समजून म्हणाले होते. मुलींची अक्षरं बारीक झाली नव्हती आणि छपाईही फिकट नव्हती. आणि शिबिरातल्या त्या तरुणासमोर आईनं घडाघडा "फुलांना" म्हटलं, ते त्यानं ऐकलं आणि नजर उत्तम असं लिहून दिलं. त्याच्यावर पुन्हा भडकावं म्हणून मी तोंड उघडलं. पण निदान त्यानं तिला एकदाच पास केलं होतं. मी आठ दिवस करत होते.

आईनं माझ्या हातातून कार्ड घेतलं. गणपतीनंतर मी तिच्यापुढे धरायचे तेवढ्याच अंतरावर तिनं ते माझ्यापुढे धरलं.

"बाई," ती त्या शिबिरातल्या पोराच्या आवाजात म्हणाली, "वाचता येतं का?"

मी चष्मा डोळ्यांवर चढवला, त्या ओळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही."